मचाणावरची रात्र, तारेवरची झेप : सातपुड्यातील साहसी वनपर्यटन

खानदेश म्हटला की डोळ्यांसमोर उभ्या राहतात त्या केळीच्या बागा, कपाशीची काळीभोर शेते, वांग्याचे भरीत आणि मे महिन्यातील रखरखीत ऊन. पारा पंचेचाळीस अंशांच्या वर गेला की जळगाव-भुसावळची नावे राज्यभरातील बातम्यांत झळकतात. या मैदानाच्या उत्तरेला क्षितिजावर एक निळसर रेघ पूर्व-पश्चिम धावताना दिसते. ती सातपुड्याची रांग होय. शहरी माणूस महाबळेश्वर, लोणावळा, माथेरान अशा वाटा धुंडाळतो. पण जळगावकर आणि धुळेकरांच्या उशालाच असलेले हे जंगल मात्र बहुतेकांना नकाशापुरतेच ठाऊक असते.

अलीकडे साहसी पर्यटनाची ओढ वाढली आहे. झाडावरचे घर, दोन झाडांमध्ये किंवा दोन टेकड्यांमध्ये ताणलेल्या तारेवरून घसरत जाण्याची झिपलाइन, दोराच्या आधाराने कडा उतरणे या गोष्टी सहलींच्या जाहिरातींत हमखास आढळतात. सातपुड्यासारख्या कोरड्या पानझडी जंगलात असे साहस कोठे शोभते, कोठे शोभत नाही आणि येथील मातीत झाडावरच्या घराची जुनी परंपरा कोणती, हे समजून घेतल्याखेरीज पाठपिशवी भरण्यात अर्थ नाही.

जंगलाची ओळख

१९०६ साली इंग्रज सरकारने खानदेशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग केले. पूर्व खानदेश म्हणजे आजचा जळगाव जिल्हा. पश्चिम खानदेशचा पुढे धुळे जिल्हा झाला आणि १ जुलै १९९८ रोजी त्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा करण्यात आला. या सर्व भूभागाची उत्तर सीमा सातपुड्याने आखली आहे आणि मधून तापी पश्चिमेकडे वाहते.

जळगाव जिल्ह्यातील यावल आणि रावेर तालुक्यांत यावल अभयारण्य आहे. १९६९ साली घोषित झालेल्या या अभयारण्याचे क्षेत्र सुमारे पावणेदोनशे चौरस किलोमीटर असून त्याची उत्तरेकडील कड मध्य प्रदेशाला भिडते. रावेर तालुक्यातील पाल हे सुकी नदीकाठचे गाव या जंगलाचे परिचित प्रवेशद्वार होय. आत लंगडा आंबा, जामन्या अशी वनक्षेत्रातील ठिकाणे आहेत. पश्चिमेला, धुळे जिल्ह्याच्या शिरपूर तालुक्यात, अनेर धरण अभयारण्य लागते. ते १९८६ साली घोषित झाले आणि त्याचे क्षेत्र सुमारे ८३ चौरस किलोमीटर आहे. दक्षिणेस चाळीसगाव तालुक्यात सातमाळा-अजिंठा रांगेवर गौताळा औट्रमघाट अभयारण्य पसरले आहे. तेही १९८६ सालचेच. सुमारे २६० चौरस किलोमीटरचे हे जंगल जळगाव आणि छत्रपती संभाजीनगर या दोन जिल्ह्यांत विभागले आहे. त्याच्या पायथ्याशी पाटणादेवी, तर डोंगरात पितळखोऱ्याची लेणी आहेत. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने स्थापलेल्या मठाला दिलेल्या दानाचा शिलालेख, शके ११२८ म्हणजे इसवी सन १२०६-०७ च्या सुमाराचा, याच पाटण गावात सापडला.

जळगाव जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, मुक्ताईनगर तालुक्यात, मुक्ताई-भवानी संवर्धन राखीव क्षेत्र आहे. येथील वाघांचा वावर जंगलापुरता मर्यादित नाही. केळीच्या दाट, थंड बागांतही वाघ आढळल्याच्या घटना या परिसरात घडल्या आहेत. खानदेशात जंगल आणि शेती यांच्यामध्ये भिंत नाही, हे यावरून ध्यानात यावे.

सातपुड्यातील वन कोरडे पानझडी प्रकारचे आहे. साग, सालई, अंजन, धावडा, खैर, तिवस, चारोळी, मोह, पळस ही येथील मुख्य झाडे. ओढ्याकाठी अर्जुनसादडा आणि जांभूळ आढळतात. पावसाळ्यात हिरव्या गर्दीत हरवलेले हे डोंगर फाल्गुनात पळसाने पेटतात आणि वैशाखात उघडेबोडके होतात. अस्वल, बिबट्या, तडस, लांडगा, कोल्हा, सायाळ, रानडुक्कर, नीलगाय, भेकर आणि चिंकारा हे येथील वन्यजीव. पावरा, बारेला, भिल्ल आणि तडवी समाजाचे पाडे या डोंगरांत व पायथ्याशी पिढ्यान्‌पिढ्या वसले आहेत. होळीपूर्वीच्या आठवड्यात भरणारा भोंगऱ्या बाजार हा त्यांच्या वर्षातील मोठा सोहळा. ढोल, पावा आणि रंगीत वेशभूषेने फुललेला हा बाजार पाहायला आता शहरातूनही लोक येतात.

मचाण : राखणीपासून शिकारीपर्यंत

झाडावरचे घर ही कल्पना खानदेशाला परकी नाही. ज्वारी-मक्याचे पीक कणसात आले की रानडुकरे आणि पाखरे यांच्यापासून ते राखण्यासाठी शेतात चार खांबांवर किंवा एखाद्या झाडाच्या बेचक्यात मचाण बांधायचे, ही डोंगरपायथ्याची जुनी रीत आहे. बांबूची पट्टी, वर पाचटाचे छप्पर, हाताशी गोफण आणि डबा वाजवायला एक काठी, एवढाच त्याचा संसार. रात्रभर जागणाऱ्या राखणदाराला जंगलाचा प्रत्येक आवाज ओळखता येतो. भेकर भुंकले की बिबट्या जवळपास आहे, टिटवी ओरडली की काहीतरी उघड्यावरून चालले आहे, ही त्याची बाराखडी.

हेच मचाण पुढे शिकाऱ्यांनी उचलले. १८२५ साली खानदेशात भिल्ल पलटण उभारण्यासाठी आलेला जेम्स आऊटरम हा इंग्रज अधिकारी शिकारी म्हणूनही गाजला. सुमारे दहा वर्षांच्या वास्तव्यात त्याच्या नावावर दीडशेहून अधिक वाघांच्या शिकारी नोंदल्या गेल्या. जवळच्याच अजिंठ्याच्या डोंगरात १८१९ साली जॉन स्मिथ हा अधिकारी वाघाच्या मागावर असतानाच लेण्यांपाशी पोहोचला होता. ज्या मुलखात एका माणसाच्या नावावर इतके वाघ पडले, तेथे आज एका वाघाच्या पाऊलखुणा आढळल्या तरी वृत्तपत्रात बातमी होते. जंगल कोठून कोठे आले, याचे याहून स्पष्ट मोजमाप दुसरे नाही.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने शिकारीचे दिवस संपवले. मचाण मात्र उरले. बंदुकीच्या जागी वही आणि दुर्बीण आली. जगभर हेच घडले. केनियात १९३२ साली पाणवठ्यावरील एका झाडावर बांधलेले ‘ट्रीटॉप्स’ हे निवासस्थान पाहुण्यांना रात्री प्राणी पाहता यावेत यासाठीच होते. १९५२ साली ब्रिटनची राजकन्या एलिझाबेथ तेथे मुक्कामाला असताना तिच्या पित्याचे निधन झाले आणि ती राणी झाली. कुमाऊंच्या जंगलांत मचाणावर रात्री जागवणारे जिम कॉर्बेट त्या वेळी तिच्यासोबत होते. केरळात वायनाडच्या शेतकऱ्यांचे ‘एरुमाडम’ हे राखणीचे झाडघर पुढे पर्यटकांच्या निवासाचा नमुना ठरले. महाराष्ट्रातही लोणावळ्याच्या आसपास झाडांच्या उंचीवर बांधलेली आरामदायी निवासस्थाने आहेत. खानदेशातील मचाण मात्र अद्याप आपल्या मूळ साधेपणातच आहे आणि तेच त्याचे वैशिष्ट्य.

बुद्धपौर्णिमेची रात्र

वैशाखातील बुद्धपौर्णिमा ही वर्षातील सर्वांत लख्ख चांदण्यांच्या रात्रींपैकी एक. झाडांची पाने गळालेली असतात, ओढे आटलेले असतात आणि उरलेल्या मोजक्या पाणवठ्यांवर प्राण्यांना यावेच लागते. या रात्री वनविभाग पाणवठ्यांलगतच्या मचाणांवर निसर्गप्रेमींना बसवून प्राण्यांची नोंद करतो. यावल आणि गौताळा ही अभयारण्ये या उपक्रमासाठी परिचित आहेत.

मचाणावर सहसा दोघे-तिघेच असतात, त्यात एक वनरक्षक किंवा स्थानिक वनमजूर. बाकीचे सोबती बहुधा एकमेकांना अनोळखी असतात. भुसावळचा रेल्वे कर्मचारी, धुळ्याची महाविद्यालयीन विद्यार्थिनी, पुण्याहून आलेला संगणक अभियंता अशी मंडळी त्या एका फळीवर शेजारी येतात. दुपार कलताना वर चढायचे आणि सकाळ झाल्यावरच उतरायचे. कपडे मातकट रंगाचे, अत्तर वा सुवासिक साबण वर्ज्य, भ्रमणध्वनी बंद, बोलणे खुणेने. पाणी आणि कोरडा खाऊ सोबत ठेवायचा आणि कचरा परत न्यायचा.

पहिले दोन तास नवख्याची परीक्षा पाहतात. पाय अवघडतात, डास चावतात, डोळ्यांवर झापड येते. ‘काहीच दिसत नाही’ असे वाटू लागते. मग अंधारात कान उघडतात. वाळक्या पानांवरून सायाळ गेली तर काट्यांची खुळखुळ ऐकू येते, रानडुकरांचा कळप आला तर गुरगुर आणि चिखलाचा चपचपाट. अस्वल येते ते हुंकारत, फुंकर मारत. बिबट्या मात्र येतो तो आवाजाविनाच. पाण्याच्या काठावर एक सावली अधिक झाली, एवढेच कळते. शेजारच्या अनोळखी सोबत्याने हलकेच मनगट दाबावे आणि दोघांनी श्वास रोखून एकाच दिशेने पाहावे, हा क्षण त्या रात्रीची खरी मिळकत. अनेकांच्या वाट्याला तोही येत नाही. पहाटे रातव्याचा ठोका थांबतो, मोर ओरडतो आणि वहीत दोन-चार ओळींची नोंद असते. तरीही माणसे पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करतात.

या नोंदींचे मोल काय, हा प्रश्न रास्त आहे. एकच प्राणी एका रात्रीत दोनदा येऊ शकतो, दोन पाणवठ्यांवर दोनदा मोजला जाऊ शकतो आणि पाण्यावर न येणारा प्राणी मोजणीतून सुटतो. म्हणूनच शास्त्रीय गणनेसाठी आता स्वयंचलित कॅमेरे आणि ठराविक रेषेवर चालत केलेली निरीक्षणे वापरतात. वाघांच्या बाबतीत पाऊलखुणांवरून मोजणीची जुनी पद्धतही २००५ च्या सुमारास मोडीत निघाली. मचाणावरील रात्र आता ‘निसर्गानुभव’ म्हणून ओळखली जाते ती यामुळेच. तिचा उपयोग प्राण्यांच्या आकड्यापेक्षा माणसांच्या आकड्यात आहे. ज्याने एक रात्र पाणवठ्यावर काढली, तो त्या पाणवठ्याची काळजी करू लागतो.

एका घुबडाची गोष्ट

शांत बसून पाहणे किती मोलाचे आहे, हे याच मुलखातील एका पक्ष्याने दाखवून दिले. रानपिंगळा हे लहानसे घुबड ए. ओ. ह्यूम यांनी १८७३ साली शास्त्रीय जगापुढे आणले. १८८० च्या दशकात खानदेशात सनदी अधिकारी असलेल्या जेम्स डेव्हिडसन यांनी त्याचे काही नमुने गोळा केले. १८८४ नंतर मात्र हा पक्षी कोणाला सापडला नाही. १९१४ साली गुजरातेत तो मिळाल्याचा रिचर्ड माइनर्टझागन यांचा दावा नंतर खोटा ठरला. तो नमुना प्रत्यक्षात डेव्हिडसन यांच्या संग्रहातून चोरलेला होता.

या खोट्या नोंदीमुळे शोधणारे दीर्घकाळ चुकीच्या ठिकाणी शोधत राहिले. पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयातील नमुने तपासून लबाडी उघड केली आणि जुन्या खऱ्या नोंदींच्या आधारे त्या बेन किंग व डेव्हिड अॅबट यांच्यासह भारतात आल्या. नोव्हेंबर १९९७ मध्ये, त्या वेळच्या धुळे जिल्ह्यातील शहादे परिसरात, पानगळ झालेल्या झाडाच्या शेंड्यावर भर दिवसा बसलेला रानपिंगळा त्यांना दिसला. तब्बल ११३ वर्षांनी हा पक्षी पुन्हा भेटला. पुढे यावल अभयारण्यासह सातपुड्यात अन्यत्रही तो आढळला. २०१८ साली आंतरराष्ट्रीय यादीत त्याचा दर्जा ‘अतिसंकटग्रस्त’वरून ‘संकटग्रस्त’ असा बदलला.

रानपिंगळा दिवसा वावरतो आणि जुन्या झाडांच्या ढोलीत घरटे करतो. जे झाड मचाणासाठी किंवा तार बांधण्यासाठी भक्कम, जाड आणि सोयीचे वाटते, तेच झाड बहुधा ढोलीचेही असते. साहसी पर्यटनाची आखणी करणाऱ्याने झाड निवडताना आधी वर पाहावे ते यासाठी.

झिपलाइन : तारेवरचे गणित

दोरावरून दरी ओलांडणे हे डोंगराळ मुलखांत प्रवासाचे जुने साधन आहे. मनोरंजनासाठीची आजची झिपलाइन मात्र जंगलाच्या अभ्यासातून पुढे आली. १९७० च्या दशकात मध्य अमेरिकेतील कोस्टा रिका देशात वर्षावनाच्या शेंड्यावरील जीवसृष्टी पाहण्यासाठी संशोधकांनी दोर आणि कप्प्यांचा वापर सुरू केला. १९९० च्या दशकात तेथेच पर्यटकांसाठी अशा सफरी निघाल्या. भारतात राजस्थानातील नीमराणा किल्ल्यावर २००९ साली अनेक टप्प्यांची झिपलाइन सुरू झाली. महाराष्ट्रात कोलाड, लोणावळा अशा ठिकाणी ती आता परिचित आहे. गिर्यारोहण संस्था ‘व्हॅली क्रॉसिंग’ या नावाने हा प्रकार त्याआधीपासून करीत आल्या आहेत.

वरवर पाहता रचना सोपी आहे. उंच आणि सखल अशा दोन टोकांमध्ये पोलादी दोर ताणायचा, त्यावर दोन चाकांची कप्पी ठेवायची आणि कंबरपट्ट्याने, म्हणजे हार्नेसने, माणसाला त्या कप्पीला जोडायचे. पुढचे काम गुरुत्वाकर्षण करते. कसोटी लागते ती वेगाची. दोनशे मीटर लांबीच्या तारेला शंभरात पाच असा उतार दिला तर दोन टोकांत दहा मीटरचा फरक पडतो. घर्षण आणि हवेचा विरोध धरला नाही, तर दहा मीटर खाली येणाऱ्या माणसाचा वेग सेकंदाला चौदा मीटर, म्हणजे ताशी पन्नास किलोमीटर होतो. प्रत्यक्षात तो कमी असतो. पण गर्दीच्या रस्त्यावरील दुचाकीएवढ्या वेगाने माणूस झाडाच्या किंवा खांबाच्या दिशेने येतो, हे विसरून चालत नाही. जड माणूस अधिक वेगाने येतो, हलका मूल मध्येच अडकून राहते. पाठीमागून वारा असेल तर हिशेब बदलतो. म्हणून थांबवण्याची व्यवस्था, म्हणजे ब्रेक, हा झिपलाइनचा प्राण होय. हाताने तार धरून थांबवणे ही एकमेव सोय असेल तर त्या तारेवर चढू नये. मुख्य ब्रेक निकामी झाल्यास आपोआप काम करणारा दुसरा ब्रेक असलाच पाहिजे. तसेच माणूस तारेला एका नव्हे, दोन स्वतंत्र पट्ट्यांनी जोडलेला असावा.

झाडाला काय सोसते

पर्यटकाच्या सुरक्षेइतकाच झाडाच्या सुरक्षेचा प्रश्न महत्त्वाचा आहे. पानांत तयार झालेले अन्न झाड सालीच्या आतल्या थरातून मुळांकडे नेते. खोडाभोवती पोलादी तार करकचून आवळली की दरवर्षी जाड होणारे खोड त्या तारेत रुतते, अन्नाची वाट बंद होते आणि काही वर्षांत झाड उभ्या उभ्या वाळते. वाळलेल्या झाडावर बांधलेली तार म्हणजे माणसाच्याही जिवाला धोका. खोड आणि तार यांच्यामध्ये लाकडी ठोकळे बसवणे, वाढीला जागा ठेवणे, दरवर्षी बांधणी सैल करून तपासणे हे उपाय आहेत. पण ते नियमाने करणारे थोडे.

शिवाय सर्व झाडे सारखी नसतात. सातपुड्याच्या उतारांवर मुबलक असलेली सालई मऊ लाकडाची. तिच्यावर भार टाकणे धोक्याचे. सालई आणि धावडा या झाडांवर डिंकासाठी घातलेल्या घावांनी आधीच अनेक खोडे पोखरली आहेत. अंजनाचे लाकूड देशातील सर्वांत जड लाकडांपैकी एक. पण ते झाड सावकाश वाढते आणि खडकाळ जमिनीत तगून राहते. त्याला इजा झाली तर तशा जागी दुसरे उभे राहायला पिढी जाते. म्हणूनच अशा कोरड्या जंगलात तारेसाठी जिवंत झाड न वापरता स्वतंत्र खांब रोवावेत आणि तेही अभयारण्याबाहेर, गावालगतच्या मोकळ्या टेकड्यांवर, हे शहाणपणाचे. आरडाओरडा, रांगा आणि कप्पीचा करकर आवाज यांचे पाणवठ्यापाशी काय काम? मचाण आणि झिपलाइन या दोहोंना जंगलात सारखीच जागा देता येत नाही. एकाचे मोल शांततेत आहे, दुसऱ्याची मजा आरोळीत.

मचाणासाठीही काही पथ्ये आहेत. जिवंत झाडावर मचाण असेल तर खिळे न ठोकता काथ्याच्या दोराने बांधावे, खोडाभोवती मोकळी जागा सोडावी, फळी जमिनीपासून चार-पाच मीटरपेक्षा उंच नेण्याचा हव्यास धरू नये आणि कठडा अवश्य असावा. वनविभागाने बहुतेक ठिकाणी लोखंडी वा लाकडी खांबांवरचे स्वतंत्र मचाण उभारले आहे, ते याच विचाराने.

नियम आणि दक्षता

अभयारण्यात परवानगीशिवाय प्रवेश करता येत नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियमानुसार हा परवाना वनविभाग देतो. शस्त्र नेणे, आग लावणे, प्राण्यांना छेडणे, कचरा टाकणे हे गुन्हे आहेत. साहसी उपक्रम चालवणाऱ्यांसाठी महाराष्ट्र शासनाने २०२१ साली धोरण जाहीर केले. जमिनीवरील, पाण्यातील आणि हवेतील अशा सर्व उपक्रमांच्या आयोजकांनी पर्यटन विभागाकडे नोंदणी करणे त्यात अपेक्षित आहे. नोंदणीचे प्रमाणपत्र, प्रशिक्षकाची पात्रता, विमा आणि साहित्याच्या तपासणीची वही पाहण्यास मागणे हा पर्यटकाचा हक्क आहे. जो आयोजक हे दाखवण्यास टाळाटाळ करतो, त्याच्याकडे पाठ फिरवावी.

खानदेशचे हवामान स्वतःचे नियम घालते. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्यांचा हंगाम मानला जातो. या दिवसांत विडीचे एक थोटूक अख्खी टेकडी जाळू शकते. मे अखेर आणि जूनच्या आरंभी येणारी वादळे केळीच्या बागा आडव्या करतात. अशा वाऱ्यात मचाणावर थांबणे किंवा तारेवर जाणे म्हणजे जिवाशी खेळ. आभाळ गडगडू लागताच खाली उतरावे. कड्यांवर आणि उंच झाडांवर आग्या मोहोळ असते. धूर, अत्तर आणि गोंगाट यांनी त्या माशा चवताळतात. पावसाळ्यात सुकी, अनेर यांसारख्या नद्या डोंगरातल्या पावसाने अचानक फुगतात, तेव्हा पात्रात तंबू ठोकू नये. अनेक ठिकाणी भ्रमणध्वनीला संपर्क मिळत नाही. म्हणून गटाने निघण्यापूर्वी परतीची वेळ गावात किंवा वनविभागाच्या नाक्यावर सांगून ठेवावी. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक लक्षात असावा आणि जवळचे ग्रामीण रुग्णालय कोठे आहे, याची चौकशी आधीच केलेली बरी.

डोंगर जगला तर केळी जगेल

हे सगळे सांभाळायचे ते कशासाठी? केवळ बिबट्या आणि रानपिंगळ्यासाठी नव्हे. सातपुड्याच्या पायथ्याशी डोंगरातून वाहून आलेल्या दगडगोट्यांचा आणि वाळूचा एक पट्टा आहे. भूशास्त्रज्ञ त्याला बझाडा म्हणतात. डोंगरावर पडलेला पाऊस या पट्ट्यात मुरतो आणि खाली तापीकाठच्या गाळाच्या थरांत पोहोचतो. यावल आणि रावेर तालुक्यांतील केळी याच भूजलावर उभी आहे. गेल्या काही दशकांत उपसा इतका वाढला की विहिरी आटल्या आणि कूपनलिका शेकडो फूट खोल गेल्या. या पट्ट्यात तापीचे पुराचे पाणी मुरवण्याच्या महाकाय पुनर्भरण योजनेसाठी मे २०२५ मध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांच्यात करार झाला. धुळे जिल्ह्यात शिरपूर तालुक्याने नाले खोल व रुंद करून पाणी अडवण्याचा ‘शिरपूर पॅटर्न’ आधीच घालून दिला आहे.

परंतु उघड्या डोंगरावरून पाणी धावते, मुरत नाही. वर झाडे, गवत आणि पालापाचोळा असेल तरच पाण्याचा वेग मंदावतो. अतिक्रमण, लाकूडतोड, वणवे आणि डिंकासाठी होणारी घावाघाव यांनी सातपुड्याचे अनेक उतार बोडके झाले आहेत. या जंगलाला आज गरज आहे ती त्याच्याकडे डोळे लावून बसणाऱ्या माणसांची. पर्यटन योग्य रीतीने झाले तर ती माणसे मिळतात. वाटाड्या, मचाणाची निगा राखणारा, मक्याची भाकरी करून घालणारी घरे यांच्या हाती चार पैसे पडतात आणि उभे झाड तोडलेल्या झाडापेक्षा अधिक मोलाचे ठरते. अयोग्य रीतीने झाले तर तेच पर्यटन प्लास्टिक, ध्वनिक्षेपक आणि आवळलेल्या तारा मागे ठेवून जाते.

कधी आणि कसे जावे

जळगाव आणि भुसावळ ही मुंबई-हावडा मार्गावरील मोठी रेल्वे स्थानके. पालला जाण्यासाठी भुसावळहून फैजपूर-सावदा मार्गे रावेर तालुक्यात यावे. खंडव्याकडे जाणाऱ्या मार्गावर सावदा आणि रावेर ही स्थानकेही आहेत. पाटणादेवीसाठी चाळीसगाव स्थानकावर उतरावे. अनेरसाठी धुळ्याहून मुंबई-आग्रा महामार्गाने शिरपूर गाठावे. धुळ्याच्या दक्षिणेस याच महामार्गावर लळिंगचा किल्ला आणि कुरण आहे. एका दिवसाच्या पायपिटीसाठी ते उत्तम.

जुलै ते सप्टेंबर हा धबधब्यांचा आणि हिरवाईचा काळ, मात्र वाटा निसरड्या असतात. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा पदभ्रमण, पक्षिनिरीक्षण आणि दोरावरील साहसासाठी सर्वांत सुखाचा हंगाम. होळीच्या आधी भोंगऱ्या आणि पळसाची फुले एकत्र पाहता येतात. मचाणावरील रात्रीसाठी मात्र वैशाखाचीच वाट पाहावी लागते आणि त्यासाठी वनविभागाकडे काही आठवडे आधी अर्ज करावा लागतो. सोबत दुर्बीण, भरपूर पाणी, पायात भक्कम बूट आणि मनात भरपूर सबुरी असावी. तारेवरची झेप अर्ध्या मिनिटात संपते. मचाणावरची रात्र संपायला सकाळ व्हावी लागते आणि ती घरी परतल्यावरही बराच काळ सोबत राहते.